जादा सौर वीज विकताना कायदेशीर आणि करविषयक दर्जा कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या जोडण्यांसाठी आहे. घराची गच्ची, सोसायटी, कारखान्याचे छत आणि शेतजमीन असे चारही प्रकार इथे घेतले आहेत. प्राप्तिकराच्या कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले दिले आहेत, कारण सीए आणि जुनी विवरणपत्रे तेच आकडे वापरतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण इथे मांडलेली मूळ तत्त्वे बहुतांशी तीच आहेत.

घरावर ३ किलोवॅट बसवले आहे. जादा वीज विकण्यासाठी फर्म, शॉप ॲक्ट किंवा परवाना काढावा लागतो का?

नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ७ नुसार वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. तुमची जादा वीज घेणारी वितरण कंपनी परवानाधारक असते आणि तिच्याशी झालेला नेट मीटरिंगचा करार एवढाच तुमचा कायदेशीर आधार. शॉप ॲक्ट नको, उद्यम नोंदणी नको, जीएसटी क्रमांकही नको. एजन्सीवाले कधी कधी ‘फर्म काढा, फायदा होईल’ असे सुचवतात. घरगुती जोडणीवर त्याचा काहीही फायदा नाही, उलट वीजबिल एकाच्या नावावर आणि यंत्रणा दुसऱ्याच्या नावावर असा नवा घोळ तयार होतो.

नेट मीटरवर नेमके विकले काय जाते?

गैरसमजाचे मूळ इथेच आहे, म्हणून आकड्यांत पाहू.

महाराष्ट्रात १ किलोवॅट यंत्रणा दिवसाला सरासरी ४ युनिट देते. म्हणजे ३ किलोवॅटचे वर्षाला साधारण ४,३८० युनिट. घराचा वापर महिन्याला ३०० युनिट, वर्षाला ३,६०० धरू. दुपारी ग्रिडमध्ये गेलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात, महिन्याअखेर उरले तर पुढच्या बिलात ओढले जातात. ही विक्री नव्हे. तुमचेच युनिट तुम्हाला परत मिळतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते तेव्हा जे शिल्लक राहतात, या उदाहरणात ७८०, तेवढेच वितरण कंपनी विकत घेते आणि खाते शून्यावर येते. दर वीज नियामक आयोगाने त्या वर्षासाठी ठरवलेला असतो, अलीकडे तो युनिटला तीन रुपयांच्या आतबाहेर राहिला आहे. तीन रुपये धरले तर ७८० युनिटांचे २,३४० रुपये.

आता दुसरी बाजू. स्वतः वापरलेल्या युनिटमुळे १०१ ते ३०० च्या टप्प्यात सर्व आकार धरून दहा रुपयांहून जास्त वाचतात. ३,६०० युनिटांचे ३६,००० रुपये झाले. वाचलेल्या बिलावर प्राप्तिकर नाही, कारण न झालेला खर्च हे उत्पन्न नसते.

म्हणून घरगुती ग्राहकाने दर्जाचा विचार करण्याआधी क्षमतेचा करावा. याच घराने ५ किलोवॅट बसवले तर निर्मिती ७,३०० युनिट आणि विक्री ३,७०० युनिट, म्हणजे ११,१०० रुपये. वाढीव २ किलोवॅटला लाखभर रुपये जातात आणि ते वर्षाला पावणेनऊ हजार आणतात. शिवाय प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० वर थांबते, चौथ्या-पाचव्या किलोवॅटला काहीच मिळत नाही. पुढे इलेक्ट्रिक गाडी किंवा दुसरा एसी येणार असेल तर मोठी यंत्रणा घ्यावी, विक्रीसाठी घेऊ नये.

पैसे हातात येत नाहीत, बिलात वळते होतात. तरी ते उत्पन्न धरायचे?

हो. वर्षअखेर विकलेल्या युनिटांची रक्कम रोख मिळो, बँकेत जमा होवो किंवा पुढच्या बिलात वजा होवो, ती तुम्हाला मिळालेलीच असते. ती वार्षिक माहितीपत्रकात म्हणजे एआयएसमध्ये दिसत नाही, म्हणून दाखवायची नाही असा अर्थ कुणी काढू नये. एप्रिल-मेचे बिल आणि शिल्लक युनिटांचा तपशील जपून ठेवा, पुरावा तोच.

मी नोकरदार आहे. ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवू?

‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’. दोन-चार हजारांची वर्षअखेरची शिल्लक म्हणजे धंदा नव्हे. राहत्या घराच्या विजेसाठी यंत्रणा बसवली, त्यात थोडे उरले, एवढेच ते आहे. असे दाखवले तर विवरणपत्र ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ मध्येच राहते.

व्यवसायाच्या शीर्षाखाली टाकले की तीन गोष्टी बदलतात. आयटीआर-१ चालत नाही. जुनी करप्रणाली हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो. आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट अशी की, व्यवसायाचे उत्पन्न असलेल्या माणसाला जुनी प्रणाली निवडून पुन्हा नवीत आल्यावर परत जुनीकडे जाता येत नाही. फक्त पगार असलेल्याला ही निवड दरवर्षी करता येते. गृहकर्ज आणि ८०-सी च्या वजावटी असलेल्या माणसाने २,३४० रुपयांसाठी ही मोकळीक घालवू नये.

‘घसारा (यंत्रणेच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) दाखवून पगारावरचा कर कमी करा’ हा सल्लाही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. इतर स्रोतांच्या शीर्षाखाली वीजविक्रीसमोर घसारा मिळत नाही. व्यवसायाच्या शीर्षाखाली मिळतो, पण कलम ७१(२ए) मुळे व्यवसायाचा तोटा पगारातून वजा होत नाही. शिवाय घरातल्या वापरासाठी लावलेली यंत्रणा ही मुळात व्यवसायाची मालमत्ताच नाही.

नेट बिलिंग असेल तर?

तिथे चित्र उलटे आहे. तयार झालेली वीज वितरण कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते, तुमच्या वापराचे बिल नेहमीच्या दराने लागते आणि वजावट युनिटांत न होता रुपयांत होते. म्हणजे पहिल्या युनिटपासून विक्री. १० किलोवॅटचे १४,६०० युनिट तीन रुपयांनी धरले तर वर्षाला ४३,८०० रुपयांची विक्री झाली, मग बँकेत एक रुपयाही आलेला नसला तरी. घरखर्चाचे वीजबिल त्यातून वजा दाखवता येत नाही, तो तुमचा वैयक्तिक खर्च आहे. ही नियमित, दर महिन्याची विक्री असल्याने तिला व्यवसाय मानणे सुरक्षित, आणि इथे कलम ४४एडी, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरून कर भरण्याची सवलत, कामाला येते.

४४एडी वापरले तर किती नफा दाखवायचा, ६ टक्के की ८?

बँक खात्यातून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, बाकीवर ८. बिलात वळती झालेली रक्कम बँकेतून आलेली नसते, म्हणून तिच्यावर ८ टक्केच धरावेत. वरच्या उदाहरणात ४३,८०० चे ८ टक्के म्हणजे ३,५०४ रुपये नफा. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो दाखवायचा असतो. ८ टक्के ही किमान पातळी आहे.

उलाढालीची मर्यादा २ कोटी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. ही सवलत निवासी व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि भागीदारी फर्म यांनाच आहे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), कंपनी आणि सहकारी सोसायटी यांना नाही. एकदा घेतली आणि पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे ती मिळत नाही, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षणही मागे लागते.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, सीए यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कलम ४४एए(१) मधल्या पेशातल्या माणसाला ४४एडी लागूच नाही, दुसऱ्या धंद्यासाठीही नाही. त्यांनी विक्रीचा साधा हिशेब ठेवून प्रत्यक्ष नफा दाखवावा.

सूर्यघरचे ७८,००० रुपये करपात्र आहेत का?

घरगुती ग्राहकाला मिळालेले अनुदान हे यंत्रणेची किंमत कमी करणारे आहे. व्यवसाय नसलेल्या माणसाने ते उत्पन्नात मिळवायचे नसते. व्यवसायाच्या यंत्रणेला एखाद्या योजनेतून अनुदान मिळाले असेल, तर तेवढी रक्कम मूळ किमतीतून वजा करून उरलेल्यावरच घसारा घ्यावा. पूर्ण किमतीवर घसारा आणि वर अनुदान बाजूला, असे केलेले विवरणपत्र तपासणीत टिकत नाही.

मीटर वडिलांच्या नावावर, पैसे माझे. उत्पन्न कुणाचे?

वितरण कंपनीच्या दृष्टीने मीटर ज्याच्या नावावर, विक्रेता तोच. करार, अनुदान, शिल्लक रक्कम सगळे त्याच नावाने होते. म्हणून वडिलांना पैसे भेट दिले आणि उत्पन्न त्यांच्या विवरणपत्रात आले, तर काही अडचण नाही.

पत्नीच्या नावावरच्या जोडणीसाठी पतीने पैसे घातले असतील तर मात्र कलम ६४ लागते. मोबदल्याशिवाय पती-पत्नीत हस्तांतरित केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. त्यामुळे ‘पत्नीचे उत्पन्न कमी आहे, तिच्या नावावर घेऊ’ हा डाव चालत नाही. पत्नीने स्वतःच्या बचतीतून किंवा स्वतःच्या कर्जातून बसवले तर उत्पन्न तिचेच.

आणि मीटर आजोबांच्या नावावर असून आजोबा हयात नसतील, तर आधी नावबदल करून घ्या. वारस नोंद, मालमत्ता पत्रक आणि इतर वारसांची ना-हरकत यात महिना-दोन महिने सहज जातात. अर्ज भरल्यावर हे सुरू केले की अनुदानाचे बँक खाते आणि वीजबिलाचे नाव जुळत नाही, आणि प्रकरण तिथेच अडकते.

शेजाऱ्याला किंवा भाडेकरूला थेट वीज विकता येईल का?

शेजाऱ्याला नाही. परवान्याशिवाय वितरण किंवा वीजव्यापार करायला विद्युत कायद्याच्या कलम १२ ची बंदी आहे. गच्चीवरून शेजारच्या बंगल्यात केबल टाकली तर ते मंजूर जागेबाहेर वीज वापरणे ठरते आणि कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. ‘पैसे घेत नाही, नुसती देतो’ हा बचाव तिथे उपयोगी नाही.

भाडेकरूचे मीटर तुमच्या नावावर असेल आणि वीज भाड्यात धरली असेल तर ते भाड्याचे उत्पन्न आहे, वीजविक्री नव्हे. करारात तसेच लिहा. युनिटमागे दर लावून वेगळी पावती देऊ नका.

जीएसटीचे काय?

वीज ही जीएसटीत वस्तू आहे आणि करमुक्त आहे, शीर्ष २७१६. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला कलम २३ नुसार नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. वितरण कंपनीला करासह बीजक द्यायचा प्रश्नच येत नाही.

पण दोन ठिकाणी लोक फसतात. पहिले, पॅनेल-इन्व्हर्टरवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, कारण पुढची विक्री करमुक्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्याचा दर १२ वरून ५ टक्के झाला. पूर्ण यंत्रणा बसवून देण्याच्या कामात ७० टक्के किंमत वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरतात, त्यामुळे एकूण बोजा १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. कोटेशनमध्ये जुना दर दिसला तर विचारा. दुसरे, तुमचा दुसरा करपात्र व्यवसाय असेल तर नोंदणीची मर्यादा मोजताना करमुक्त वीजविक्रीही एकूण उलाढालीत मिळवावी लागते. १९ लाखांची सेवा देणारा माणूस दीड लाखाची वीज विकून २० लाखांच्या पुढे जातो आणि सेवेवर नोंदणी घ्यावी लागते.

आमची गृहनिर्माण सोसायटी आहे. विक्री सोसायटीच्या नावाने करायची की सभासदांच्या?

सामाईक मीटरवर यंत्रणा असेल तर सोसायटीच्या नावाने. गच्ची संस्थेची, मीटर संस्थेचे, पैसेही निधीतले. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. त्यात क्षमता, खर्च, निधी कुठून आणि शिल्लक रकमेचा विनियोग हे चारही मुद्दे असावेत. नुसता ‘सोलर बसवण्यास मान्यता’ एवढा ठराव बँकेला आणि लेखापरीक्षकाला पुरत नाही. सामाईक सोयींच्या यंत्रणेला सूर्यघर योजनेतून किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, घरामागे ३ किलोवॅट या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंत.

समजा ३० किलोवॅट बसवले. निर्मिती ४३,८०० युनिट. लिफ्ट, पंप आणि दिव्यांचा वापर ३०,०००. शिल्लक १३,८०० युनिट, तीन रुपयांनी ४१,४०० रुपये.

सभासदांची वर्गणी परस्परतेच्या तत्त्वावर (सभासदांचेच पैसे सभासदांसाठी) करमुक्त असते, म्हणून हीसुद्धा करमुक्त, असे अनेक कमिट्या धरून चालतात. ते बरोबर नाही. विकत घेणारी वितरण कंपनी सभासद नाही, त्यामुळे परस्परता इथे संपते. सहकारी संस्थेचा करही पहिल्या रुपयापासून लागतो: १०,००० पर्यंत १० टक्के, २०,००० पर्यंत २० आणि त्यापुढे ३०.

मार्ग आहे, आणि तो कायद्यातच दिलेला आहे. कलम ८०पी(२)(सी) नुसार सहकारी संस्थेला इतर कामकाजातून झालेल्या नफ्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. वीजविक्री वेगळे कामकाज म्हणून दाखवा, त्याच्या वाट्याचा देखभाल खर्च वजा करा आणि उरलेल्यावर ही वजावट मागा. वरच्या उदाहरणात कर शून्य होतो. मात्र विवरणपत्र, आयटीआर-५, मुदतीत भरलेच पाहिजे. उशीर झाला तर कलम ८०एसी मुळे वजावट पूर्ण जाते. सहकार कायद्याखाली संस्थेचे लेखापरीक्षण सक्तीचे असल्याने ही मुदत ३१ ऑक्टोबर असते. सोसायटीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर ८०पी मिळत नाही, हेही खजिनदाराने पाहून घ्यावे.

सभासदाला स्वतःच्या मीटरसाठी गच्चीचा भाग हवा असेल तर वेगळा ठराव आणि ना-हरकत लागते. तिथे विक्रेता तो सभासद.

एक कंपनी म्हणते, गच्ची भाड्याने द्या, आम्ही यंत्रणा बसवू. मग आम्ही कोण?

घरमालक. वीज विकणारी ती कंपनी. तिने तुम्हाला स्वस्त वीज दिली आणि भाडे दिले नाही, तर तुमच्याकडे करपात्र काहीच येत नाही. भाडे मिळाले तर ते उत्पन्न आहे. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या भाड्याला न्यायाधिकरणांनी घर मालमत्तेचे उत्पन्न मानले आहे. तोच आधार घेतला तर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडे महिन्याला ५०,००० च्या वर गेले तर कंपनी १० टक्के टीडीएस कापते. करारात एवढे नक्की पाहा: गळती झाल्यास जलरोधनाचा खर्च कुणाचा, इमारतीची पुनर्बांधणी निघाली तर यंत्रणा कोण आणि कुणाच्या खर्चाने उतरवणार, आणि मुदत संपल्यावर मालकी कुणाकडे जाणार. २० वर्षांच्या करारात पुनर्बांधणीचा मुद्दा नसेल तर सही करू नका.

दुकान, रुग्णालय, कारखान्यासाठी वेगळी कंपनी काढावी का?

नको. मीटर ज्या फर्मच्या नावावर, यंत्रणा तिच्याच पुस्तकात घ्या. विक्रीची रक्कम त्याच व्यवसायाच्या उत्पन्नात जाते आणि यंत्रणेवर ४० टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, म्हणजे २० टक्के. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर सुरू झालेली यंत्रणा या निम्म्यात येते. जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर तेवढ्या रकमेवर घसारा घेता येत नाही, दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत. करपात्र माल बनवणाऱ्या कारखान्याला क्रेडिट मिळते, पण विकलेल्या युनिटांच्या प्रमाणात ते उलटवावे लागते.

मुलाच्या नावाची फर्म यंत्रणा घेते आणि वडिलांचा कारखाना वीज वापरतो, ही रचना वारंवार पाहायला मिळते आणि वारंवार अडकते. दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या की ती वीजविक्री ठरते. कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीची निर्मिती, म्हणवून घ्यायचे तर विद्युत नियम २००५ प्रमाणे वापरणाऱ्यांकडे किमान २६ टक्के मालकी आणि वर्षाच्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वापर हवा. एखाद्या वर्षी ५१ टक्के झाले नाहीत तर त्या पूर्ण वर्षाचा कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि क्रॉस सबसिडी अधिभार (सवलतीच्या दराच्या ग्राहकांचा भार भरून काढण्यासाठीचा आकार) लागतो.

शेतजमिनीवर प्रकल्प करायचा आहे. जमीन भाड्याने द्यावी की स्वतः विकावे?

धोका आणि भांडवल पाहून ठरवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असे आहे. भांडवल शून्य, जोखीम कमी. पण हे भाडे शेतीचे उत्पन्न नाही. जमीन सात-बारावर शेतीची असली तरी तिच्यावर पीक नाही, म्हणून करमाफी नाही. मोकळ्या जमिनीचे भाडे इतर स्रोतांखाली जाते, ३० टक्के वजावटही नाही. एकाच मालकाची ५ हेक्टर जमीन असेल तर भाडे ६,२५,००० होते, महिन्याला ५२,०८३, म्हणजे टीडीएस सुरू. सात-बारावर चार भाऊ असतील आणि हिस्से ठरलेले असतील तर करारात चौघांची नावे आणि हिस्से लिहा, म्हणजे उत्पन्न आणि कर चौघांत विभागतो. एकाच्या नावाने धनादेश घेऊन घरात वाटून घेतला की पूर्ण कर त्या एकाच्या अंगावर येतो.

स्वतः प्रकल्प करायचा तर केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेचा घटक ‘अ’ आहे: ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट, उपकेंद्रापासून साधारण ५ किलोमीटरच्या आत, २५ वर्षांचा वीजखरेदी करार. शेतकरी, शेतकरी गट, सहकारी संस्था, पंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था हे पात्र आहेत.

१ मेगावॅटसाठी मग कोणता दर्जा: एकटा मालक, भागीदारी, एलएलपी की कंपनी?

दर्जा निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथेच येतो. १ मेगावॅट वर्षाला १५-१६ लाख युनिट देतो. तीन रुपये दराने वार्षिक विक्री ४५ ते ४८ लाख. खर्च समजा ४ कोटी.

एकल मालकीत काम सगळ्यात सोपे. पण करार २५ वर्षांचा आहे आणि पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या पश्चात तो वारसांकडे नेताना बँक, वितरण कंपनी आणि भाऊबंद तिन्ही आघाड्यांवर वेळ जातो. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन सुरुवातीलाच करा. मालक एकटा, कर्ज कमी आणि वारस एकच असेल तर हाच मार्ग चांगला.

भागीदारी फर्मला सरसकट ३० टक्के कर, अधिक ४ टक्के उपकर. भागीदारांची जबाबदारी अमर्याद, कर्ज थकले तर घरावरही येते. एलएलपीत कर तोच, जबाबदारी मर्यादित. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेले की लेखापरीक्षण सक्तीचे, म्हणजे १ मेगावॅटला ते लागणारच. खासगी कंपनीला कलम ११५बीएए खाली २२ टक्के मूळ दर, अधिभार व उपकरासह २५.१६८. मात्र नफा घरी नेताना लाभांशावर भागधारकाला पुन्हा कर. चार-पाच असंबंधित गुंतवणूकदार असतील किंवा पुढे आणखी प्रकल्प घ्यायचे असतील तरच कंपनी काढावी. दोन भाऊ आणि एक मेहुणा एवढ्यांसाठी एलएलपी पुरते.

४४एडीचा मोह इथे आवरावा. ४ कोटींवर पहिल्या वर्षी ४० टक्के म्हणजे १ कोटी ६० लाखांचा घसारा मिळतो, विक्री मात्र ४८ लाख. नियमित पुस्तके ठेवली तर पहिली काही वर्षे नफाच दिसत नाही आणि न वापरलेला घसारा पुढे नेता येतो. ४४एडी घेतले तर घसारा मिळाला असे मानून मालमत्तेची किंमत कमी होते आणि ८ किंवा ६ टक्क्यांवर कर मात्र भरावा लागतो. जमा बँकेतूनच येत असल्याने कर लेखापरीक्षणाची मर्यादा १० कोटी आहे, त्यामुळे व्यक्तीला पुस्तके ठेवूनही लेखापरीक्षणाचा भार पडत नाही. खरेदीदाराची वर्षाची खरेदी ५० लाखांच्या पुढे गेली तर १९४क्यू खाली ०.१ टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात परत जुळवता येतो. २ मेगावॅटला हे नक्की घडते.

आणखी एक अडसर, जो नंतर लक्षात येतो: जमीन वडिलांची आणि प्रकल्प एलएलपीचा. एलएलपी किंवा कंपनी कायद्याने शेतकरी ठरत नाही, त्यामुळे शेतजमीन तिला भाडेपट्ट्याने देण्याआधी परवानगीचा प्रश्न तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात सोडवून घ्यावा लागतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. बँक हे दोन्ही कागद पाहिल्याशिवाय पहिला हप्ता सोडत नाही.

सौर कृषी पंप आहे. पावसाळ्यात पंप बंद असतो, ती वीज विकता येईल का?

ग्रिडला न जोडलेल्या पंपावरून नाही. मीटरच नाही, तर मोजणी नाही.

आम्ही परदेशात राहतो, घर पुण्यात आहे.

शिल्लक विजेची रक्कम भारतातले उत्पन्न आहे. आयटीआर-१ आणि ४ अनिवासींना चालत नाहीत, आयटीआर-२ भरा. ४४एडी मिळत नाही. परतावा घ्यायचे खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) असावे. बंद घरावर विक्रीसाठी मोठी यंत्रणा बसवू नका: वापर नसल्याने प्रत्येक युनिट तीन रुपयांनीच जाते, आणि धूळ पुसायलाही कुणी नसते.

सरकारी नोकरीत आहे, परवानगी लागेल का?

राहत्या घराच्या नेट मीटरला व्यापार म्हणत नाहीत. मोठी खरेदी म्हणून कार्यालयाला कळवण्याचा नियम असेल तर कळवा. शेतात विक्रीसाठी मेगावॅटचा प्रकल्प किंवा एलएलपीत कार्यकारी भागीदारी मात्र पूर्वपरवानगीशिवाय घेऊ नका.

घर वर्षाच्या मधेच विकले तर साठलेले युनिट कुणाचे?

ते मीटरच्या खात्यावर राहतात, तुमच्यामागे येत नाहीत. विक्रीचा सौदा एप्रिल-मेमध्ये केला तर प्रश्न उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर शिल्लक युनिटांची किंमत काढून ती व्यवहारात धरा आणि नेट मीटरचा करार नव्या मालकाच्या नावे करून द्या.

बिलात काय तपासावे?

३१ मार्चला नेट मीटरच्या पडद्यावरचे आयात आणि निर्यात हे दोन्ही आकडे तारखेसह फोटोत घ्या. निर्मिती मीटर किंवा इन्व्हर्टरचा आकडाही घ्या. निर्मितीतून निर्यात वजा केली की घरात थेट वापरलेली वीज मिळते. तो आकडा ऋण आला तर वाचन चुकले आहे. आयात-निर्यात उलटी नोंदली जाणे ही पहिल्या दोन-तीन बिलांत आढळणारी नेहमीची चूक आहे. दुसरी चूक म्हणजे मीटर बसला, पण संगणकात जोडणीचा प्रकार सौर असा बदललाच नाही, मग निर्यात शून्य दिसते. तिसरी, सरासरी बिल: वाचन न घेता अंदाजे आकारणी झाली की शिल्लक युनिट पुढे ओढले जात नाहीत. लेखी तक्रार फोटोसह त्याच महिन्यात करा. मार्चनंतर खाते शून्य झाले की जुने युनिट परत मिळवायला फार खेटे घालावे लागतात.

हे मुंबईला आणि गोव्याला लागू आहे का?

मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी यांनाही महाराष्ट्र आयोगाचेच नियम लागू आहेत, अर्जाचे पोर्टल आणि बिलाचा नमुना तेवढा वेगळा. गोव्यात वीज सरकारी विभाग देतो आणि नियम संयुक्त वीज नियामक आयोगाचे आहेत, म्हणून शिल्लक युनिटांचा दर आणि हिशेबाची पद्धत तिथल्या आदेशातून पाहा. प्राप्तिकर आणि जीएसटीबद्दल वर लिहिलेले तिथेही तसेच लागू होते.